कोपऱ्यातला गडी

जून उजाडला, की सदाशिव पेठेतल्या जिन्यांवर नव्या चपला दिसू लागतात. खेड्यापाड्यांतून मुले येतात, कॉटपुरती जागा भाड्याने घेतात, खानावळीचा डबा लावतात आणि अभ्यासिकेत जाऊन स्पर्धा परीक्षांची पुस्तके उघडतात. ह्या गर्दीत दरसाल पाचदहा मुले अशी निघतात, की ज्यांच्या पिशवीतून पुस्तकांच्या आधी गुडघ्याला बांधायच्या पट्ट्या बाहेर पडतात. ही मुले कबड्डीची. खेळाडूंसाठी राखून ठेवलेल्या जागांवर त्यांना कॉलेजात प्रवेश हवा असतो. मी शिकवतो मराठी; परंतु जिमखाना समितीवर एखादा भाषेचा माणूस असावा, असे कोणा जुन्या प्राचार्यांच्या मनात आले, आणि तेव्हापासून निवडीच्या दिवशी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसण्याचा मान माझ्याकडे आला आहे.

चढाई करणारा गडी निवडणे मुळीच कठीण नाही. तो आपण होऊनच निवडून येतो. त्याच्याजवळ प्रमाणपत्रे असतात, पदके असतात, मोबाइलवर चित्रफिती असतात, आणि गावाकडचा एखादा काका त्याची कीर्ती सांगायला बरोबर आलेला असतो. मैदानावर तो उतरला, की माझ्यासारख्या अडाण्यालाही कळते की मुलगा चपळ आहे. आमचे क्रीडाशिक्षक त्याच्याकडे दोन मिनिटे पाहतात, वहीत खूण करतात आणि तोंड दुसरीकडे फिरवतात. त्यांचे सारे लक्ष असते ते कोपऱ्यावर.

वाचकांपैकी ज्यांचा कबड्डीशी संबंध शाळेतल्या तासापुरताच आला, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सात गडी कमानीसारखे उभे राहतात. दोन टोकांना दोन कोपरारक्षक, त्यांच्या आतल्या बाजूला बाकीचे, आणि त्यांत मध्यरक्षक. चढाईवाला आत शिरतो, त्याच्याजवळ असतात ३० सेकंद. कोपऱ्यातला गडी त्याचा घोटा धरतो, मध्यरक्षक त्याची परतीची वाट अडवतात किंवा धडक देऊन त्याला रेषेबाहेर घालवतात. पकड साधली तर एक गुण. फसली, तर ज्याने ज्याने हात लावला तो प्रत्येक जण बाद! एकाची घाई आणि तिघे बाहेर, असा हा रोकडा व्यवहार आहे.

तेव्हा कोपऱ्यासाठी हवा तो धीराचा मुलगा. आणि धीराचे प्रमाणपत्र कोणताही जिल्हा देत नाही. आमच्या सरांची त्यावरची युक्ती मोठी गमतीची आहे. नव्या मुलाला ते कोपऱ्यात उभा करतात आणि बजावतात, ‘‘अर्धा तास कुणालाही हात लावायचा नाही. नुसतं त्याच्याबरोबर सरकायचं.’’ शेजाऱ्याचा हात हातात धरून साखळीने सरकायचे, आणि तो शेजारी तासापूर्वी भेटलेला. पाचव्या मिनिटालाच निम्मी मुले चुळबुळू लागतात. एखादा न राहवून झेप घेतो. एखादा हात सोडतो. सर पाहतात ते मुलाच्या टाचा. शरीराचा भार चवड्यांवर आहे की टाच टेकली, कमरेतून वाकला आहे की गुडघ्यांतून, चढाईवाल्याने हूल दिली तेव्हा डोळे त्याच्या चेहऱ्याकडे गेले की पायांकडे. तालमीतून आलेल्या मुलाला मनगटाचा जोर असतो. पण समोरासमोर भिडण्याची सवय आधी मोडावी लागते, कारण घोटा बाजूने आणि मागून धरायचा असतो. खरे सांगायचे, तर आमच्याकडचे बरेचसे कोपरे मुळात चढाईपटू म्हणूनच आले होते. वेग थोडा कमी पडला, आणि सरांनी त्यांना हळूच मागे नेले.

ह्या खेळाची भाषा ऐकताना माझा मास्तरी कान सुखावतो, हे मान्य केले पाहिजे. चढाईवाला दम घेऊन जातो; ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत त्याने तो टिकवायचा असतो. आणि कोपऱ्यातला? मराठीत ज्याला ‘दम धरणे’ म्हणतात, ते काम त्याचे. जुन्या हुतूतूचा एक प्रकार ‘संजीवनी’ म्हणून ओळखला जाई: प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला, की आपला एक बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होऊन आत येई. आजच्या कबड्डीतही तोच नियम आहे. म्हणजे प्रत्येक पकडीमागे एक मेलेला उठतो. इतके पवित्र कार्य करणाऱ्याला आपण उभा करतो कोठे, तर कोपऱ्यात! (दुसऱ्याचे पाय ओढण्याची विद्या सदाशिव पेठेत उपजतच असते, मग गडी बाहेरून कशाला आणता, असे आमचे एक सहकारी विचारतात. त्यांना अद्याप उत्तर मिळालेले नाही.)

गुणफलकाचा हिशेबच असा आहे, की त्यात कोपऱ्याची बाजू लंगडी पडते. एका चढाईत तीन-चार गडीही टिपता येतात. पकडीला एक गुण, आणि मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड झाली तर फार तर दोन. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीत परदीप नरवालने चढाईच्या गुणांचा पंधराशेचा टप्पा केव्हाच मागे टाकला. पकडीच्या गुणांत पाचशेपर्यंत पोहोचणे हाच मोठा विक्रम, आणि तो इराणच्या फजल अत्राचलीचा. वर्तमानपत्रातली बातमी पाहा. ‘विजयी संघाकडून अमक्याने चौफेर चढाया केल्या, तर तमक्याने उत्कृष्ट पकडी घेतल्या.’ वर्षानुवर्षे हेच वाक्य. चढाईवाल्याला मुख्य वाक्य आणि पकडीवाल्याला ‘तर’च्या पुढची जागा. जागा कमी पडली की उपसंपादकाची कात्री जाते ती नेमकी त्या ‘तर’वर.

जे पैसे मोजतात त्यांना मात्र ही किंमत कळते. २०१६ च्या लिलावात सर्वांत महाग ठरला तो उजव्या कोपऱ्याचा मोहित छिल्लर; ५३ लाख. आणि आपल्या पुणेरी पलटणने दहाव्या हंगामासाठी इराणच्या मोहम्मदरेझा शादलूवर २ कोटी ३५ लाख रुपये लावले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पलटण पहिल्यांदा विजेती झाली, आणि त्या हंगामातला सर्वोत्तम बचावपटूही हा शादलूच ठरला.

ही कथा केवळ आपलीच नव्हे. अमेरिकेत कॉलेजांचा जो फुटबॉल चालतो (आपला नव्हे, तिकडला बहुतांशी हातानेच खेळतात), त्यात चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या पुढे पाच दांडगे गडी भिंतीसारखे उभे असतात. पुढे फेकलेला चेंडू झेलण्याची त्यांना एरवी परवानगी नाही. समोरचे धावून येतात त्यांना थोपवून धरायचे, एवढेच काम. उजव्या हाताने फेकणाऱ्याला त्याच्या डावीकडून येणारा दिसत नाही. ती बाजू सांभाळणाऱ्याकडे कोणी फारसे पाहत नसे. पुढे १८ नोव्हेंबर १९८५ रोजी वॉशिंग्टन संघाच्या जो थाइसमनला लॉरेन्स टेलरने पाडले, पाय मोडला, आणि थाइसमनची कारकीर्द त्या रात्री संपली. मायकेल लुइस ह्या लेखकाने २००६ साली ‘द ब्लाइंड साइड’ हे पुस्तक लिहिले, त्याची सुरुवात ह्याच प्रसंगाने होते. डावीकडच्या त्या राखणदाराचे मोल पुढे इतके वाढले, की मोठमोठे पगार घेणाऱ्यांत त्याची गणना होऊ लागली.

तिकडचे शिक्षकही सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचे आजचे वजन पाहत नाहीत. हाडापेर पाहतात, पाय किती चटकन हलतात ते पाहतात, आणि सावकाश खाऊ घालून, व्यायाम देऊन त्याला सव्वाशे-दीडशे किलोचा करतात. आमच्या खेळात मात्र ८५ किलोची मर्यादा आहे, तेव्हा नुसता आडदांड मुलगा काय कामाचा! आमच्या मुलांचा अर्धा जीव ताटातल्या भाताशी भांडण्यात जातो. परंतु अमेरिकेतली एक सोय मला हेवा करण्याजोगी वाटते. तेथे पहिल्या वर्षी मुलाला सामन्यांपासून जवळजवळ दूर ठेवतात, त्याने फक्त सराव करायचा. ते वर्ष त्याच्या खेळण्याच्या चार हंगामांत धरले जात नाही. म्हणजे अशा मुलाला पक्के व्हायला एक अख्खे वर्ष फुकट मिळते.

आमच्याकडे पदवी तीन वर्षांची. (नव्या शैक्षणिक धोरणाने चौथ्या वर्षाची सोय केली आहे, पण घरून तीनचाच पैसा येतो.) चढाईवाला पहिल्याच वर्षी चमकतो. कोपऱ्यातला मुलगा पहिले वर्ष बाद होण्यात घालवतो, दुसरे वर्ष शेजाऱ्याची सवय होण्यात. तिसऱ्या वर्षी कोठे पकड बसू लागते, तो परीक्षा येते! ह्यावर आमच्या सरांनी शोधलेला तोडगा ऐकून तुम्हांला हसू येईल. ते मुलांना एम.ए.ला नाव घालायला सांगतात. आणि विषय विचारला, तर मराठी. माझ्या वर्गात मागल्या दोन बाकांवर रुंद खांद्यांची मुले का दिसतात, ह्याचा उलगडा मला असा झाला. मराठीला विद्यार्थी मिळत नाहीत म्हणून सगळीकडे ओरड चालू असते. आमचा विभाग काही अंशी कबड्डीच्या कोपऱ्यांनी तोलून धरला आहे.

तीन वर्षांपूर्वी शिरूरकडचा असाच एक मुलगा बी.ए. झाला. वडील न्यायला आले. दुभती जनावरे, थोडा ऊस, आणि हाताखाली माणूस नाही. माझ्यापुढे बसून म्हणाले, ‘‘मास्तर, तीन सालं झाली. ह्याच्या जोडीच्याचं नाव पेपरात येतं, ह्याचं कुठंच न्हाई. मग ह्यो करतो तरी काय हितं?’’

सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, राज्याकडून खेळला तर पोलिसांत, बँकेत संधी आहे, वगैरे मी सांगून पाहिले. ते नुसते मान हलवत होते. त्या संध्याकाळी सामना होता. मी त्यांना नेले आणि म्हटले, ‘‘आज चढाईवाल्याकडे बघायचं नाही. वीस मिनिटं फक्त तुमच्या मुलाकडे बघा.’’ अवघड गेले त्यांना; आरोळी उठली की मान आपोआप तिकडे वळे. पहिल्या डावात मुलाने पकड केली एकच. मध्यंतरात गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘धरीत न्हाई फारसा. पर त्या पोराला पल्याडच्या दोघांच्या अंगावर वळवून घालतोय बघा. आमच्याकडं म्हशी अशाच वळवत्यात.’’

मी सरांना हे सांगितले. सर म्हणाले, ‘‘हे कळायला आमच्या पंचांनासुद्धा दहा वर्षं लागतात.’’

वडिलांनी एक वर्ष दिले, दोन नव्हे. दुसऱ्या वर्षाची फी मुलाने सकाळी एका व्यायामशाळेत लहान मुले शिकवून भरली. खोलीच्या मालकीणबाई तो गच्चीवर पहाटे उड्या मारतो म्हणून कुरकुरत असत. पुढे त्यांनीच त्याला दुपारचा भाकरीचा डबा चालू केला. एम.ए.ला त्याला दुसरा वर्ग मिळाला, विद्यापीठाच्या संघात डावा कोपरा मिळाला, आणि सध्या तो पोलिस भरतीच्या यादीची वाट पाहतो आहे.

ह्या जूनला सरांनी चार नवे कोपरे निवडले आहेत. त्यांतला एक पाच फूट सात इंच, अबोल, आणि अर्धा तास हात न लावता सरकत राहिलेला एकटाच. त्याच्याजवळ एकही पदक नव्हते. समितीतल्या दोघांनी त्याला विरोध केला. प्रमाणपत्र नसताना जागा देता येत नाही, हे त्यांचे म्हणणे नियमाला धरूनच होते. शेवटी तो खेळाच्या जागेवर नव्हे, तर साध्या गुणवत्तेच्या यादीतून आला. बारावीला मराठीत त्याला चौऱ्याहत्तर गुण आहेत. सरावासाठी माझा सकाळचा तास साडेसातवरून सव्वाआठला न्यावा, अशी चिठ्ठी सरांनी पाठवली आहे, आणि नवे वेळापत्रक कालच फळ्यावर लागले.