विश्लेषण : दलाई लामांचा वारसा कोणत्या मापाने मोजायचा?

तिबेट परत मिळाला नाही, तरी तिबेटी समाज विखुरला नाही. हातची सत्ता स्वतःहून सोडणाऱ्या नेत्याचे मूल्यमापन करताना जय-पराजयाच्या पलीकडे पाहावे लागते.

चौदावे दलाई लामा तेन्झिन ग्यात्सो यांनी ६ जुलै २०२५ रोजी वयाची नव्वद वर्षे पूर्ण केली. त्याआधी चार दिवस, २ जुलैला, त्यांनी जाहीर केले की दलाई लामा ही संस्था आपल्यानंतरही चालू राहील आणि पुढचा दलाई लामा ओळखण्याचा अधिकार फक्त गादेन फोद्रांग न्यासाचा असेल. चीनने लगेच उलट बजावले की, आमच्या मान्यतेशिवाय नवा दलाई लामा होणार नाही. तेव्हापासून सगळी चर्चा ‘पुढे कोण?’ याच प्रश्नाभोवती फिरते आहे. पण त्याआधी विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे. या माणसाने मागे नेमके काय उभे केले, आणि ते त्यांच्यानंतर टिकेल का?

बारामती-इंदापुरात याची चर्चा कशासाठी?

पहिले कारण सरळ आहे. २०११च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ८४ लाख ४३ हजार बौद्ध होते आणि त्यांपैकी ६५ लाख ३१ हजार एकट्या महाराष्ट्रात. म्हणजे देशातील चारपैकी तीनहून अधिक बौद्ध मराठी मुलखातले. जगात बौद्ध धर्माचा सर्वांत परिचित चेहरा दलाई लामांचा असेल, तर त्या चेहऱ्याकडे कसे पाहायचे हा प्रश्न आपल्या गावच्या विहारातही येणारच.

दुसरे कारण आपल्या सार्वजनिक जीवनातले आहे. साखर कारखाना, दूध संघ, बँक, शिक्षण संस्था यांच्या भोवती नीरा-भीमा खोऱ्याचे राजकारण उभे राहिले. संस्था मोठी की ती उभारणारा माणूस मोठा, माणूस बाजूला झाल्यावर सूत्रे कोणाकडे, हे प्रश्न इथल्या सभासदाला नवे नाहीत. दलाई लामांनी हाच प्रश्न स्वतःपुरता कसा सोडवला, हे पाहण्यासारखे आहे.

तिबेटचे काय झाले?

राजकीय नेता म्हणून त्यांचे पहिले माप हेच, आणि या मापावर त्यांच्या पदरी अपयश आहे. चिनी सैन्य तिबेटमध्ये घुसल्यानंतर १७ नोव्हेंबर १९५० रोजी अवघ्या पंधराव्या वर्षी त्यांच्या हाती सत्ता आली. २३ मे १९५१ रोजी तिबेटी प्रतिनिधींनी बीजिंगमध्ये सतरा कलमी करारावर सह्या केल्या. पुढची आठ वर्षे त्यांनी चीनशी जुळवून घेण्याचा प्रयत्न केला. १९५९च्या मार्चमध्ये ल्हासात उठाव झाला. १७ मार्चच्या रात्री त्यांनी राजधानी सोडली आणि महिनाअखेरीस ते तवांगच्या बाजूने भारतात आले.

१९८७ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनमध्ये पाच कलमी शांतता योजना मांडली. १९८८ मध्ये स्ट्रासबर्ग येथे स्वातंत्र्याऐवजी चीनच्या चौकटीतील खऱ्या स्वायत्ततेचा प्रस्ताव दिला. १९८९ मध्ये शांततेचे नोबेल मिळाले. २००२ ते २०१० या काळात त्यांचे दूत आणि चीन सरकार यांच्यात चर्चेच्या अनेक फेऱ्या झाल्या. हाती काहीच लागले नाही. २००९ पासून तिबेटमध्ये दीडशेहून अधिक लोकांनी आत्मदहन केले. स्वातंत्र्याची मागणी सोडल्याने तरुण तिबेटींचा एक वर्ग नाराज झाला आणि चीनही नमला नाही.

हे अपयश एकट्या दलाई लामांचे मात्र नव्हे. भारताने २९ एप्रिल १९५४च्या करारात ‘चीनचा तिबेट प्रदेश’ ही भाषा मान्य केली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच वर्षी २६ ऑगस्टला राज्यसभेत या धोरणावर कडक टीका केली. ल्हासाचा ताबा चीनला घेऊ देऊन आपण त्याची सीमा आपल्या सीमेला आणून भिडवली, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. आठ वर्षांनी, १९६२ मध्ये, त्याचा अर्थ देशाला कळला.

मग कमावले काय?

त्याचे उत्तर शोधायला धरमशालेपर्यंत जाण्याची गरज नाही. ते महाराष्ट्रातच, गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ सापडते. जिल्हा भंडारा असताना, १९७२ मध्ये, तिथे नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत उभी राहिली. बर्फाळ पठारावर जव पिकवणारी आणि याक पाळणारी माणसे विदर्भाच्या उन्हात धान लावायला शिकली. हिवाळ्यात पुण्यासारख्या शहरांत स्वेटरची दुकाने मांडणाऱ्या तिबेटी कुटुंबांचे अर्थकारणही अशाच वसाहतींशी बांधलेले असते. शेतीचा हंगाम संपला की लोकरीच्या कपड्यांचा हंगाम सुरू होतो.

१९५९ आणि त्यानंतरच्या काळात सुमारे ऐंशी हजार तिबेटी त्यांच्या मागोमाग आले. हे लोक रस्त्याच्या कामांवर पांगून गेले असते, तर दोन पिढ्यांत भाषा आणि ओळख दोन्ही पुसली गेली असती. दलाई लामांनी नेहरूंकडे दोन गोष्टींचा आग्रह धरला : लोकांना एकत्र वसवा आणि मुलांसाठी वेगळ्या शाळा द्या. कर्नाटकातील बैलकुप्पे आणि मुंडगोडपासून गोठणगावपर्यंतच्या वसाहती, तिबेटी शाळा, दक्षिणेत पुन्हा उभे राहिलेले सेरा, द्रेपुंग, गादेन हे मठ ही सगळी त्या आग्रहाची फळे आहेत.

याची किंमत इंदापूर तालुक्याला सांगावी लागू नये. उजनीच्या पाण्यासाठी भीमाकाठची गावे उठली. पाणी ओसरले की पळसदेवच्या जुन्या पळसनाथ मंदिराचे शिखर आजही वर येते आणि तिथे गाव होते याची साक्ष देते. धरणग्रस्ताला जमिनीच्या बदल्यात जमीन मिळते, कधी मिळतही नाही; पण गावकी, भावकी, जत्रा, शेजार यांचे पुनर्वसन कोणत्याही सरकारी आदेशाने होत नाही. आपल्या लोकांना विस्थापित होण्यापासून दलाई लामा वाचवू शकले नाहीत, परंतु विस्थापनानंतर त्यांची गावकी त्यांनी मोडू दिली नाही. हे कर्तृत्व नोबेल पारितोषिकापेक्षा मोठे आहे.

सत्ता सोडली म्हणजे नेमके काय केले?

१६४२ मध्ये पाचव्या दलाई लामांच्या हाती तिबेटची राज्यसत्ता आली. धर्मसत्ता आणि राजसत्ता एकाच गादीवर, ही व्यवस्था तेव्हापासूनची. चौदाव्या दलाई लामांनी ती टप्प्याटप्प्याने उलगडली. २ सप्टेंबर १९६० रोजी निर्वासितांचे पहिले निर्वाचित लोकप्रतिनिधी शपथबद्ध झाले. १९६३च्या राज्यघटनेच्या मसुद्यात खुद्द दलाई लामांचे अधिकार काढून घेण्याची तरतूद होती. लोकांना ती पाप वाटत होती, पण त्यांनी ती ठेवायला लावली. २००१ मध्ये निर्वासित सरकारचा प्रमुख थेट मतदानाने निवडला गेला. २०११ मध्ये त्यांनी उरलेसुरले राजकीय अधिकारही सोडले आणि ८ ऑगस्टला लोबसांग सांगे यांनी निर्वाचित प्रमुख म्हणून सूत्रे घेतली. २०२१ पासून ते पद पेन्पा त्सेरिंग यांच्याकडे आहे.

या सरकारला जगातील कोणत्याही देशाची मान्यता नाही, त्याच्याकडे भूमी नाही, सैन्य नाही. तरीही भारतापासून युरोप-अमेरिकेपर्यंत विखुरलेले तिबेटी मतदान करतात. लोक मागत नसताना नेत्याने त्यांना लोकशाही दिली, असे उदाहरण विरळाच. आपल्याकडे अध्यक्षपद सोडणारे पुष्कळ भेटतात. अधिकार सोडणारे थोडे. दलाई लामांनी अधिकार सोडला.

आक्षेप कोणते?

मूल्यमापन म्हणजे आरती नव्हे, म्हणून दुसरी बाजूही मांडायला हवी. जुना तिबेट हे नंदनवन नव्हते. जमीन मठ, सरदार आणि शासन यांच्या ताब्यात होती आणि कसणारा तिच्याशी बांधलेला होता. आपला जुना समाज मागासलेला होता हे दलाई लामांनीही मान्य केले आहे. त्यावरून चीनची सत्ता न्याय्य ठरत नाही. मात्र ‘गमावलेला स्वर्ग’ हे चित्रही खरे ठरत नाही.

१९६०च्या दशकात अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेने तिबेटी चळवळीला वर्षाला सुमारे १७ लाख डॉलर पुरवले, हे १९९८ मध्ये खुल्या झालेल्या अमेरिकी कागदपत्रांतून स्पष्ट झाले. अहिंसेच्या नेत्याच्या चळवळीला एका हाताने बंदुकाही मिळत होत्या. १९७४ मध्ये नेपाळमधील मुस्तांगच्या तिबेटी लढवय्यांनी शस्त्रे ठेवली ती दलाई लामांचा ध्वनिमुद्रित संदेश ऐकून, हेही त्याच इतिहासात आहे. दोर्जे शुग्देन या देवतेची उपासना सोडण्याचे त्यांनी केलेले आवाहन एका गटाला धार्मिक दडपशाही वाटले. २०१९ मध्ये स्त्री दलाई लामांबद्दल केलेल्या विधानाबद्दल आणि २०२३ मध्ये एका लहान मुलाशी झालेल्या वर्तनाबद्दल त्यांच्या कार्यालयाला माफी मागावी लागली. तिकडे २०१६ मध्ये प्रथमच वीस भिक्षुणींना ‘गेशेमा’ ही सर्वोच्च विद्यापदवी मिळाली, ती त्यांच्याच पाठिंब्याने. माणूस एकाच रंगात रंगवता येत नाही.

आंबेडकरी बौद्धांनी त्यांच्याकडे कसे पाहावे?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेरीस तरुण दलाई लामा बुद्धाच्या अडीच हजाराव्या जयंतीसाठी भारतात आले होते. एकाच सुमारास देशात बौद्ध धर्माचे दोन प्रवाह शेजारी उभे होते. एक मंत्र, विधी, मठ आणि अवतारी लामांची परंपरा घेऊन आलेला. दुसरा कर्मकांड झटकून समतेचा हक्क मागणारा.

मतभेद खरा आहे. बाबासाहेबांनी आत्म्याचे एका देहातून दुसऱ्या देहात जाणे नाकारले. तिबेटी परंपराही शाश्वत आत्मा मानत नाही, पण चित्तप्रवाह पुढच्या जन्मात चालतो आणि मोठा लामा स्वतःच्या संकल्पाने परत येतो, असे मानते. ज्यांनी जन्माने मिळणारे मोठेपण नाकारण्यासाठी धर्म बदलला, त्यांना एखादे मूल जन्मतःच धर्मगुरू ठरते ही कल्पना पचणे अवघड आहे. ते अवघडलेपण लपवू नये.

तरीही दोघांना जोडणारा धागा आहे. विज्ञानाने बौद्ध ग्रंथातील एखादी गोष्ट खोटी ठरवली तर ग्रंथ बदलावा लागेल, ही दलाई लामांची भूमिका बाबासाहेबांच्या वाचकाला परकी वाटणार नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जागतिक बौद्ध परिषदेला ते आले, तेव्हा त्यांच्यासमोर बसलेल्या उपासकांत मोठा भाग आंबेडकरी बौद्धांचा होता. अवतार न मानताही त्या माणसाच्या करुणेचा आणि त्यागाचा आदर करता येतो.

खरी कसोटी कुठे?

वारसदाराच्या प्रश्नात. १४ मे १९९५ रोजी दलाई लामांनी सहा वर्षांच्या गेधुन चोक्यी न्यिमा याला पंचेन लामा म्हणून ओळखले. तीनच दिवसांत चीनने त्याला ताब्यात घेतले. त्यानंतर तो जगासमोर आलेला नाही. चीनने आपला वेगळा पंचेन लामा बसवला. २००७ मध्ये अवतारी लामांसाठी सरकारी परवानगी सक्तीची करणारा नियम केला. ईश्वर न मानणारा पक्ष पुनर्जन्माला परवानगी देतो, ही विसंगती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. उद्या दोन दलाई लामा असणे अशक्य राहिलेले नाही.

शिवाय नवा दलाई लामा लहान मूल असेल. तो जाणता होईपर्यंत अठरा-वीस वर्षे जातील. पूर्वी अशा काळात राजप्रतिनिधी कारभार पाहत आणि कारस्थाने माजत. या वेळी त्या पोकळीत एक निर्वाचित संसद आणि निर्वाचित प्रमुख असेल. २०११चा निर्णय म्हणूनच नुसता त्याग नव्हता, दूरदृष्टी होती. चीन मुलाला पळवू शकतो. मतदारयादी पळवणे कठीण आहे.

पण ही तटबंदीही आपोआप टिकणार नाही. २००८ नंतर तिबेटमधून येणाऱ्यांचा ओघ जवळजवळ थांबला. वसाहतींतील तरुण अमेरिका-युरोपकडे निघाले आहेत. वसाहती रिकाम्या झाल्या तर शाळा ओस पडतील आणि मतदारयादी कागदावर उरेल.

इथे भारताची जबाबदारी सुरू होते. जुलै २०२५ मध्ये सरकारने श्रद्धेच्या प्रश्नावर आपण भूमिका घेत नसल्याचे सांगितले. धर्माच्या बाबतीत ते योग्य आहे. माणसांच्या बाबतीत पुरेसे नाही. वसाहतींच्या जमिनीचे पट्टे आणि तिबेटींना सरकारी योजनांचा लाभ याबद्दल केंद्राचे २०१४चे पुनर्वसन धोरण आहे. ते राज्यांनी राबवायचे आहे, आणि गोठणगाव महाराष्ट्रात येते. तिथल्या तिबेटी शेतकऱ्याच्या जमिनीच्या कागदाचा, त्याच्या मुलाच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा प्रश्न बीजिंगच्या नव्हे, मुंबईच्या हातात आहे.

दलाई लामांना त्यांचा देश परत मिळाला नाही आणि कदाचित त्यांच्या हयातीत मिळणारही नाही. ती कसोटी लावली तर निकाल स्पष्ट आहे. पण आपल्याशिवाय चालेल अशी व्यवस्था मागे ठेवणे, हे नेत्याचे अधिक अवघड काम असते. ते त्यांनी हयातीतच आणि स्वतःच्या हाताने केले. आता ती चालवणे तिबेटींचे काम आहे, आणि तिला पाय टेकायला जागा देणे आपले.