यंत्राच्या हाती शस्त्र

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत २२ डिसेंबर २०२३ रोजी एक ठराव १५२ विरुद्ध ४ मतांनी संमत झाला. माणसाच्या हुकुमाविना स्वतःच लक्ष्य हेरून मारा करणाऱ्या शस्त्रांविषयी सरचिटणीसांनी सर्व राष्ट्रांची मते मागवून अहवाल द्यावा, एवढेच त्याचे मागणे होते. विरोधी चार मते रशिया, बेलारूस, माली आणि भारत यांची! हा विषय जिनीव्हातील शस्त्रविषयक कराराच्या चर्चेतच राहावा, हे भारताचे म्हणणे वरवर सयुक्तिक दिसते. परंतु २०१४ पासून चाललेल्या त्या चर्चेतून बंधनकारक असे काहीच निष्पन्न झालेले नाही. पुढल्या वर्षी तशाच ठरावाला विरोध करणाऱ्या तिघांत भारत नव्हता, हे खरे. पण तेवढ्याने समाधान मानण्यास आम्ही तयार नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर संरक्षणाचा भार सोपवू पाहणाऱ्यांनी २६ सप्टेंबर १९८३ ची रात्र आठवावी. अमेरिकेने पाच अण्वस्त्रे सोडल्याची सूचना सोव्हिएत संगणकाने दिली, तीही पूर्ण खात्रीची म्हणून. पहाऱ्यावरील लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव्ह यांच्या मनात एक साधा प्रश्न आला : महायुद्ध आरंभणारा शत्रू पाचच क्षेपणास्त्रे कशाला सोडील? इशारा खोटा आहे, असे त्यांनी वरिष्ठांना कळविले. ढगांच्या माथ्यावर चमकलेले ऊन उपग्रहांना प्रक्षेपणाची ज्वाला वाटले होते. असा संशय घेणे यंत्राला कोण शिकविणार?

माणूस चुकत नाही, असे आम्ही म्हणत नाही. ३ जुलै १९८८ रोजी अमेरिकेच्या ‘विन्सेन्स’ या युद्धनौकेने इराणी प्रवासी विमान पाडले. २९० जीव गेले. विमान वर चढत असल्याचे यंत्र बिनचूक दाखवीत असता ते खाली झेपावत आहे, असा ग्रह नौसैनिकांनी करून घेतला. यंत्राचे कैवारी हाच दाखला पुढे करतात. पण ते विमान बंदर अब्बासहून उडाल्यापासून पाडले जाईपर्यंत अवघी सात मिनिटे गेली. माणूस चुकला तो या घाईमुळे. आणि यंत्राच्या हाती चाप देणे म्हणजे ही घाई सेकंदांवर आणणे. बंदर अब्बासचा विमानतळ लष्कर आणि प्रवासी दोघांचाही. आमचा दाबोळी दुसरे काय आहे?

शिवाय जाब कोणाला विचारायचा? ९ मार्च २०२२ रोजी भारताचे एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले. दैव बलवत्तर, प्राणहानी झाली नाही. पलीकडच्या माणसांनी प्रत्युत्तरही दिले नाही. चौकशीअंती ऑगस्टमध्ये हवाईदलाचे तीन अधिकारी बडतर्फ झाले. यंत्राला कोण बडतर्फ करणार? लिस्बनच्या हुकुमावर चालणाऱ्या बंदुका ज्याने पाहिल्या, त्या गोमंतकाला बेजबाबदार शस्त्र म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको.

अण्वस्त्रांचे प्रत्युत्तर केवळ नागरी राजकीय नेतृत्वाच्या आज्ञेनेच, हे भारताने जानेवारी २००३ मध्ये जाहीर केले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिका आणि चीन यांच्या अध्यक्षांनीही अण्वस्त्रांचा निर्णय माणसाच्याच हाती राहावा, असे मान्य केले. प्राण घेणाऱ्या प्रत्येक शस्त्राला हाच नियम संसदेने कायद्याने लावावा. गोव्याच्या खासदारांनी येत्या अधिवेशनात संरक्षणमंत्र्यांना एवढे तरी विचारावे : आपल्या सैन्यात येणाऱ्या स्वयंचलित शस्त्रांपैकी कोणत्या शस्त्रावर अखेरचा हुकूम माणसाचा राहील, आणि त्या माणसाचा हुद्दा कोणता?