धवलक्रांतीच्या अंगावरचे गोचीड

वसुबारसेच्या संध्याकाळी सवत्स धेनूच्या पायांवर पाणी घालून तिला ओवाळणाऱ्यांपैकी किती जणांनी तिच्या कासेमागे, शेपटीच्या मुळाशी, कानाच्या आत हात फिरवून पाहिला आहे? तो नेमका तेथेच असतो. रक्त पिऊन एरंडाच्या बीएवढा फुगलेला, करडा, ओढला तरी न सुटणारा. (लॅटिन भाषेत गोचीड आणि एरंड या दोहोंना ‘रिसिनस’ हा एकच शब्द आहे, रोमन शेतकऱ्याची नजर आपल्यापेक्षा बरी असावी.) गाईच्या नावाने गळा काढणारे आणि गाईचे नाव काढताच नाक मुरडणारे यांचे एकमत होणे दुर्मीळ. गोचिडाच्या बाबतीत मात्र ते झालेले आहे. दोघांच्याही लेखी हा विषय क्षुद्र आहे.

क्षुद्र म्हणून ज्याच्याकडे दुर्लक्ष करावे, असा हा जीव नव्हे. एक मादी पोट भरेपर्यंत अर्धा ते एक मिलीलिटर रक्त पिते. अंगावर शे-दोनशे माद्या असल्या की जनावर कशाने खंगते, हे वेगळे सांगायला नको. पोट भरले की ती गळून पडते, जमिनीच्या भेगेत दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. आपल्याकडच्या गोठ्यांत मुख्यत्वे दोन जातींचे गोचीड आढळतात. एक जात अळीपासून प्रौढावस्थेपर्यंत, सुमारे तीन आठवडे, एकाच जनावराच्या अंगावर काढते. दुसरी, शास्त्रज्ञ जिला ‘हायलोमा’ म्हणतात ती, पुनःपुन्हा अंगावरून उतरून भिंतीच्या सांदीत, गव्हाणीच्या फटीत, दगडांच्या जोडांत कात टाकते आणि नव्या यजमानाची वाट पाहत बसते. म्हणजे जनावर आंघोळ घालून स्वच्छ केले तरी शत्रू घरातच असतो.

हा शत्रू केवळ रक्त पीत नाही, रोग पेरतो. शेतकरी ज्याला ‘गोचीड ताप’ म्हणतात त्यातला सर्वांत घातक प्रकार थायलेरिया या एकपेशीय जीवामुळे होतो. ताप चढतो, खांद्यापुढच्या गाठी सुजतात, डोळ्यांची आतली त्वचा पांढरी पडते, दूध आटते. वेळेत ओळख पटली नाही तर काही दिवसांत दावे रिकामे होते. औषध आहे, पण महाग आहे आणि उशिरा दिले तर निरुपयोगी आहे. बबेसियाच्या तापात लघवी लाल होते. त्या लाल लघवीला अनेक गावांत अजूनही ‘उष्णता’ समजून ताकाचा उतारा दिला जातो.

कळीचा मुद्दा येथून पुढे आहे. हा ताप सर्व गाईंना सारखा छळत नाही. आपल्या देशी गोवंशाने हजारो वर्षे याच गोचिडांच्या सहवासात काढली. आखूड तुकतुकीत केस, अंगावर माशी बसताच थरथरवता येणारी सैल त्वचा, जिभेने अंग चाटत राहण्याची सवय आणि गोचिडाच्या लाळेविरुद्ध उभी राहणारी अंतर्गत प्रतिकारशक्ती हा त्या सहवासाचा वारसा आहे. हे कोणा गोभक्ताचे भाबडे प्रतिपादन नाही. स्कॉटलंडमधील रोझलिन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी साहिवाल आणि होल्स्टीन वासरांना थायलेरियाची सारखीच लागण करून २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. साहिवाल वासरांनी रोग सौम्यपणे पचवला. होल्स्टीन वासरांना तो जबर भोवला. युरोपच्या थंड कुरणांत घडलेल्या गाईला हा शत्रू ठाऊकच नव्हता.

आणि आपण काय केले? १९७० साली दुग्धमहापूर योजना सुरू झाली. त्याआधीच, १९६७ मध्ये, मणिभाई देसाईंनी उरुळी कांचन येथे ‘बाएफ’ची स्थापना केली होती आणि संकरित गाईचा प्रसार महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत झाला. त्या कार्यामागची तळमळ खोटी नव्हती. संकरित गाईच्या दुधावर हजारो घरांतली मुले शिकली, ही गोष्ट नाकारणारा लबाड तरी असेल किंवा त्याने खेडे पाहिलेले नसेल. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ५ कोटी विदेशी व संकरित गोवंश आहे. २०१२ च्या तुलनेत तो चतुर्थांशाहून अधिक वाढला आणि देशी गोवंश सुमारे सहा टक्क्यांनी घटला. आक्षेप दुधावर नाही, अर्धवट हिशेबावर आहे. वळू निवडताना त्याच्या आईने किती लिटर दूध दिले, त्यात स्निग्धांश किती, हे काटेकोर पाहिले गेले. त्याच्या मुली गोचिडांसमोर किती टिकतात, हा रकाना मात्र आपल्या तक्त्यांत शिरलाच नाही. वाढलेले दूध संघाच्या खात्यावर जमा झाले. औषध, डॉक्टर आणि मेलेली गाय शेतकऱ्याच्या खात्यावर गेली. ज्या योजनेत लाभाची बेरीज सरकार करते आणि हानीची बेरीज एकटा शेतकरी करतो, तिला यशस्वी म्हणणे सोपेच असते.

दुसरे देश या बाबतीत झोपलेले नव्हते. ऑस्ट्रेलियात हा गोचीड १८७२ साली बटेव्हियाहून डार्विनला उतरलेल्या गुरांबरोबर गेला आणि त्याने उत्तरेकडचे कळप पोखरले. तेथील पशुपालकांनी आपल्या उपखंडातील गोवंशाचे रक्त मिसळले. क्वीन्सलंड सरकारने तर साहिवाल आणि फ्रीजियन यांच्या संकरातून दुधाळ जात घडवताना गोचिडांच्या अळ्या जनावरांच्या अंगावर सोडून किती जगतात ते मोजले आणि जी जनावरे गोचीड झटकून टाकतात त्यांचीच निवड केली. ब्राझीलने आपल्या गीरवर आपला दुग्धव्यवसाय उभारला. गीर आणि होल्स्टीनचा ‘गिरोलांदो’ हा तेथल्या गोठ्यांचा कणा आहे. या लोकांच्या मनात गाईविषयी पूज्यभाव नव्हता. त्यांनी व्यवहार पाहिला. आपल्याकडे पूज्यभावही होता आणि गीर, डांगी, देवणी, लाल कंधारीही होत्या. व्यवहार तेवढा कोणी पाहिला नाही.

थायलेरियाविरुद्धची लस आपल्याच देशात तयार झाली, हे वाचकांपैकी किती जणांना ठाऊक आहे? ती द्रवरूप नत्रात साठवावी लागते, म्हणून तिचा प्रसार कठीण, असे उत्तर दिले जाते. उत्तर ऐकून हसावे की रडावे, कळत नाही. विदेशी वळूचे रेत ज्या पात्रातून दुर्गम वाडीपर्यंत पोहोचते, त्यात द्रवरूप नत्राशिवाय दुसरे काय असते? रेत पोहोचले, लस पोहोचली नाही. २०१९ मध्ये मथुरेत मोठ्या समारंभाने सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाने लाळ्या-खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात हाती घेतले, ते योग्यच झाले. गोचीड ताप त्या पंक्तीला बसला नाही.

मग शेतकरी काय करतो? फवारतो. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, अमित्राझ ही नावे त्याला मुलांच्या नावांसारखी पाठ आहेत. मात्रा अंदाजाने, पाणी अंदाजाने. कधी कपाशीवर मारून उरलेले कीटकनाशकच गाईच्या पाठीवर. अपुऱ्या मात्रेने दुबळे गोचीड मरतात, चिवट उरतात आणि त्या चिवटांची प्रजा पुढच्या हंगामात औषधाला जुमानत नाही. पंजाबपासून गुजरातपर्यंत अशा औषध पचवणाऱ्या गोचिडांच्या नोंदी संशोधकांनी केल्या आहेत. आपल्या जिल्ह्यात कोणते औषध अजून चालते, हे तपासून शेतकऱ्याला सांगणारी व्यवस्था कोठे आहे? ते नाही म्हटल्यावर दुकानदार सांगेल ती बाटली. फवारणी बहुधा घरची बाई करते, उघड्या हातांनी, तोंडाला पदर लावून. आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन तर दुभत्या जनावरास देऊ नये असे असताना सर्रास दिले जाते आणि दूध त्याच संध्याकाळी डेअरीत जाते. शहरात पिशवी फोडून चहा टाकणाऱ्यांना हा विषय आपला नाही असे वाटत असेल, तर त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

आता थोडे आपल्याच माणसांशी. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला आणि भाकड जनावरांची जबाबदारी गोशाळांवर आली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य शासनाने देशी गाईस ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले, गोशाळांतील देशी गाईंसाठी प्रतिदिन ५० रुपयांचे अनुदान ठरवले. दोन्ही निर्णयांचे स्वागत करणाऱ्यांत प्रस्तुत लेखक आहे. म्हणूनच विचारण्याचा अधिकारही आहे. पन्नास जनावरांच्या जागेत दीडशे दाटीवाटीने उभी केली, भिंतींच्या भेगा लिंपल्या नाहीत, नवे जनावर वेगळे न ठेवता थेट कळपात सोडले, तर त्या गोशाळेत गोमातेचे रक्षण होते की गोचिडांचे संगोपन? ‘देशी गाईला काही होत नाही’ हे पालुपदही बंद झाले पाहिजे. २०२२ च्या लम्पी साथीने गुजरात-राजस्थानातल्या देशी गाई रस्त्याकडेला पडलेल्या आपण पाहिल्या. चावऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरणाऱ्या त्या विषाणूने वंशावळ विचारली नाही. प्रतिकारशक्ती एका रोगापुरती असते आणि उपाशी, दाटीत कोंडलेल्या जनावरात तीही उरत नाही. तीच गोष्ट कडुनिंबाच्या धुराची आणि करंजतेलाची. ते उपयोगी आहेत, वापरावेत. पण गाय तापाने फणफणली असताना धूर करीत बसणे ही परंपरा नव्हे, हयगय आहे.

गोचीड माणसालाही सोडत नाही. जानेवारी २०११ मध्ये अहमदाबादेत क्रिमियन-काँगो रक्तस्रावी तापाचा देशातला पहिला उद्रेक झाला. रुग्णाबरोबर तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही दगावल्या. निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केले. तो ताप वाहणारा गोचीड म्हणजे गोठ्याच्या सांदीतला तोच हायलोमा. १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला माकडताप २०१६ पर्यंत सिंधुदुर्गात पोहोचला होता. जंगलात चरून येणारी गुरे ते गोचीड अंगावर घेऊन गावात शिरतात.

अमेरिकेने १९०६ साली गोचीड-निर्मूलन मोहीम हाती घेतली, गावोगाव औषधी पाण्याचे हौद बांधून प्रत्येक जनावर ठरावीक दिवसांनी त्यातून नेणे सक्तीचे केले. चिडलेल्या शेतकऱ्यांनी काही हौद सुरुंग लावून उडवले. तरीही १९४३ पर्यंत मेक्सिकोच्या सीमेलगतचा पट्टा वगळता देश मोकळा झाला. आपल्या मोकाट चराईत ते जसेच्या तसे जमणार नाही आणि देशी वासरांना लहानपणी होणारी सौम्य लागण पुढे त्यांचे कवच ठरते, म्हणून समूळ उच्चाटनाचा हट्टही नको. घेण्यासारखी गोष्ट एकच आहे: एका गोठ्याने फवारून काही होत नाही, शेजारचा गोठा त्याच दिवशी फवारला पाहिजे. ग्रामसभेने पावसाळ्याच्या तोंडाशी दिवस ठरवावा, पशुधन विकास अधिकाऱ्याने औषध आणि मात्रा सांगावी, तरुणांनी भिंतींच्या फटी सिमेंटने किंवा शेणमातीने बुजवाव्यात, गोठ्यात चार कोंबड्या मोकळ्या सोडाव्यात. पूर्वी त्या असतच. सांदीतले गोचीड टिपण्याचे काम त्या फुकट करीत.

आणि पुढच्या वेळी आमदार-खासदार कृत्रिम रेतन केंद्राची फीत कापायला आले, की त्यांना गाईच्या गळ्यात हार घालू देण्याआधी एक प्रश्न विचारावा: या वळूच्या लेकींच्या अंगावर गोचीड किती, हे कोणी मोजले आहे?