सांडपाण्याचे बिल

मी राहतो ते जर्मनीतले गाव आपल्या तालुक्याच्या गावापेक्षा लहान. तरी बिलात नळाच्या पाण्यापेक्षा सांडपाण्याचा आकडा मोठा! इथे १९७६ च्या कायद्यानुसार, शुद्धीकरणानंतर उरलेली घाण नदीत सोडली तरी नगरपालिकेलाही आकार भरावा लागतो.

आपल्याकडे म्हणतात, "असले तंत्रज्ञान आपल्याला परवडत नाही." अहो, हवा देऊन जिवाणूंकरवी मैला संपवायची ही पद्धत १९१४ सालची, मँचेस्टरची! अडते ते तंत्रज्ञानाशी नाही, हवेच्या यंत्राच्या वीजबिलाशी. केंद्र बांधायला अनुदान मिळते, चालवायला कुणीच पैसे देत नाही.

२०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून आलेल्या काविळीने माणसे गेली. ते परवडले? मत मागायला येणाऱ्याला विचारा, आमचे सांडपाणी जाते कुठे? आणि खरे उत्तर मिळाले, तर बिल भरायची तयारी ठेवा.