पोहता येत नाही, म्हणून पिशव्याच राखायच्या?

मे महिन्याची सुट्टी लागली की तळवडे, रुपीनगर, त्रिवेणीनगर भागातल्या चाळींपुढे पहाटेच सहलीच्या गाड्या उभ्या राहतात. पूर्वी सहल म्हटली की कार्ल्याची लेणी, भाजे, फार झाले तर लोहगड. डबे घरचे, गाडी वर्गणीची. आता पोरे ऐकत नाहीत. त्यांना वॉटर पार्क पाहिजे. १९९८ साली मुंबईत गोराईला वॉटर किंगडम सुरू झाले तेव्हा ते पेपरात वाचायचे प्रकरण होते. २०१४ पासून खोपोलीजवळ इमॅजिकाचे वॉटर पार्क झाले, लोणावळ्यालाही झाले, आणि आपल्या पट्ट्यातून एक्स्प्रेस-वेने दीड-दोन तासांत माणूस तिथे पोहोचतो. चौघांच्या तिकिटात ठेक्यावरच्या कामगाराचे कितीतरी दिवसांचे रोज जातात, हे खरे. पण वर्षातून एकदा पोरांची हौस म्हणून आई-बाप पैसे साठवतात. त्यांना नावे ठेवणारे आम्ही कोण?

आमची तक्रार निराळी आहे. एवढे पैसे भरून आत गेलेल्या आपल्या निम्म्या बाया दिवसभर काय करतात? पिशव्या राखतात.

वस्तीतल्या महिला मंडळाबरोबर आम्ही अशा एका सहलीला गेलो होतो. बसमध्ये विचारले, पोहता कोणाकोणाला येते? तीस-पस्तीस माणसांत चार हात वर झाले. नीट चौकशी केल्यावर त्यातले दोन खाली आले. आत गेल्यावर बायांनी छत्रीखाली बैठक मारली, मधोमध पिशव्यांचा ढीग. तरण्या सुना म्हणाल्या, "मावशी, तुम्ही पण चला की." मावशी म्हणाल्या, "नको गं बाई, मला भ्या वाटतं. तुम्ही जा, मी हाय इथं." आणि त्यांची सहा-सात वर्षांची नातवंडे तेवढ्यात गर्दीत दिसेनाशी झाली होती. पोहता येत नाही म्हणून आजी काठावर, आणि पोहता येत नाही ती पोरे पाण्यात. याला काय म्हणावे?

आपल्या घरांत पोहता येणारी माणसे कमी का, हे आधी समजून घेऊ. मराठवाड्यातून, सोलापूर-नगरकडून दुष्काळाने इकडे आलेली ही कुटुंबे. १९७२ साली जिथे हंडाभर पाणी मिळेना तिथे पोहायला कोण जाणार? पण दुष्काळ हे अर्धेच कारण. खेड्यातली पोरे पोहायला शिकत ती विहिरीत. पाठीला सुका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधायचा आणि चुलत्याने वरून ढकलायचे, ही तिथली शाळा. त्या विहिरीच्या पायरीवर आपल्या आजोबा-पणजोबांना पाय ठेवायची मनाई होती. जिथे ओंजळभर पाण्यासाठी कोणी वाढेपर्यंत हात जोडून उभे राहायचे, तिथे डुबकी कुठली? नदीकाठच्या गावांत आपली माणसे पोहत असत, तीही गावाच्या खालच्या अंगाला. बाकीच्या गावांतून ही विद्या बापाकडून लेकाकडे यायला वाटच नव्हती. लेकींचे तर विचारूच नका.

१९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर बोल्यांचा ठराव झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठरावही केला. तरी तळ्यावर जायची सोय नव्हतीच. बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि त्यानंतर कोर्टाचा निकाल हाती यायला १७ मार्च १९३७ उजाडले. एका तळ्यासाठी दहा वर्षे! पिण्याच्या पाण्याची ही कथा असेल तर पोहण्याचा विचार कोणाच्या मनात येणार?

हे आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात सेंट ऑगस्टीन नावाचे गाव आहे. तिथल्या मॉन्सन मोटर लॉजच्या पोहण्याच्या तलावात गोऱ्यांखेरीज कोणाला उतरू देत नसत. १८ जून १९६४ रोजी काळे आणि गोरे सत्याग्रही मिळून त्या तलावात उतरले, तर मॅनेजरने डबा उघडून पाण्यात ॲसिड ओतले. तो फोटो जगभर गेला. दुसऱ्या दिवशी तिथल्या सिनेटने नागरी हक्कांचा कायदा मंजूर केला. आता तिथले तलाव सर्वांना खुले आहेत, तरी आजही बुडून मरण्याचे प्रमाण काळ्या मुलांत गोऱ्यांपेक्षा जास्तच आहे. ज्यांच्या आई-बापांना पाण्यात उतरू दिले नाही, त्यांच्या पोरांना शिकवणार कोण?

तेव्हा पोहता येत नाही हे सांगायला लाजायचे कारण नाही. पण लाज वाटते खरी, आणि बायांपेक्षा पुरुषांना जास्त. "मी काय पोरगा आहे का," म्हणत छाती काढून खोल पाण्याकडे जाणारे जावईबुवा आम्ही पाहिले आहेत. तिथे कडेला उंच खुर्चीवर शिट्टी घेऊन बसलेला जीवरक्षक असतो. पाण्यात उतरण्याआधी त्याच्याकडे जाऊन सरळ सांगावे, "दादा, आम्हाला पोहता येत नाही, कुठवर जाऊ?" तो हसत नाही. त्याला रोज असली शेकडो माणसे भेटतात. लाइफ जॅकेटही त्याच्याकडेच मागावे. घातल्यावर दुसऱ्याला खांद्याच्या पट्ट्या वर ओढून बघायला सांगावे. जॅकेट कानापर्यंत सरकले तर ते ढिले आहे, पट्टे आवळावेत नाहीतर बदलून घ्यावे. हवा भरलेली ट्यूब आणि पोरांच्या दंडाला बांधायचे फुगे यांच्या भरवशावर कोणाला सोडू नये. ती खेळणी आहेत.

जास्त सांभाळायचे ते लाटांच्या तलावात. त्याचा तळ समुद्राच्या किनाऱ्यासारखा उतरता असतो. सुरुवातीला घोटाभर पाणी, आणि समोरच्या भिंतीपाशी पुरुषभर. त्या भिंतीमागच्या यंत्राने पाणी ढकलले की लाटा येतात. थोडा वेळ लाटा, थोडा वेळ शांत, असा फेरा चालतो. लाटा सुटण्याआधी बहुतेक ठिकाणी भोंगा वाजतो. लोक फसतात ते शांत वेळेत. छातीएवढ्या पाण्यात आरामात उभे असतात, आणि लाट आली की तेच पाणी डोक्यावरून जाते, पायही सुटतात. म्हणून न पोहणाऱ्याने गुडघा, फार तर कंबर, याच्या पुढे जाऊ नये. गर्दीत शिरू नये आणि लाटेकडे पाठ न करता आडवे उभे राहावे. लहान पोर आपल्या हाताच्या अंतरात हवे. नजरेच्या अंतरात असून भागत नाही.

याला कारण आहे. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा हात हलवून "वाचवा, वाचवा" ओरडत नाही. श्वासच घेता येत नाही तर ओरडणार कशाने? तो पाण्यात उभाच असतो, डोके मागे कललेले, तोंड पाण्याच्या रेषेवर, हात दोन्ही बाजूंना पाणी दाबत असतात. लांबून बघणाऱ्याला वाटते पोर खेळते आहे. मिनिटाच्या आत ते खाली जाते, तेही आवाज न करता. दंगा करणारे पोर अचानक गप्प झाले तर आधी तिकडे धावावे.

घसरगुंड्यांचे भय मात्र लोकांना उगाच जास्त वाटते. घसरगुंडी जिथे संपते तिथे पाणी साधारण कमरेएवढे असते. तरी काहीजण तिथे हातपाय झाडतात, कारण पाय कुठे आहेत तेच कळत नाही. उभे राहण्याची एक युक्ती आहे: गुडघे पोटाशी घ्यायचे, हातांनी पाणी खाली दाबायचे, मग पाय तळाला टेकवायचे. ती आधी उथळ पाण्यात चार वेळा करून बघावी. हृदयविकार, रक्तदाब, फिट्स, पाठीचे दुखणे असलेल्यांनी आणि गरोदर बायांनी उंच घसरगुंडीकडे जाऊच नये. ज्यांना काहीच झेपत नाही त्यांच्यासाठी संथ वाहणारा पाट असतो. ट्यूबमध्ये बसायचे आणि फिरून यायचे. त्या दिवशी मावशींना आम्ही तिथेच बसवले. तीन फेऱ्या झाल्या तरी उतरायला तयार नव्हत्या!

कपड्यांवरून गेटवर भांडणे होतात, तीही टाळता येतात. साडी, पंजाबी ड्रेस, सुती कपडे चालत नाहीत, कारण सुती कापड भिजून जड होते आणि ओढणी-पदर घसरगुंडीच्या सांध्यात अडकतो. नायलॉनचा टी-शर्ट आणि गुडघ्याखाली जाणारी घट्ट पँट बहुतेक ठिकाणी चालते. निघण्याआधी फोन करून विचारावे. भाड्याने घेण्यापेक्षा बाजारातून घेतलेले स्वस्त पडते. मंगळसूत्र, पैंजण घरी ठेवावेत. आणि चार कुटुंबांनी मिळून एक लॉकर घ्यावा. त्या भाड्यात एक आजी मोकळी होते, आणि पाण्यातल्या पोरांवर दोन डोळे वाढतात. आपल्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. त्या दिवशी पार्कात रविवारपेक्षा गर्दी कमी असते, त्याचाही फायदा घ्यावा.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले तिकडे येतो. पार्कातून परतलेल्या पोराला वाटते, आपल्याला पाण्याचे सगळे समजले. आणि तळवड्याच्या उत्तरेला इंद्रायणी आहे. पार्कातल्या पाण्याचा तळ सपाट, पाणी नितळ, काठावर शिट्टीवाला. इंद्रायणीत यातले काहीच नाही. पाणी इतके गढूळ आणि घाण, की हातभर खोल दिसत नाही. तळाला खड्डे, कुठे जलपर्णी, कुठे ओढ. दुपारी आई-बाप दोघेही कामावर असतात, आणि बारा-चौदा वर्षांची पोरे टोळीने काठावर जातात. पार्कला नेणाऱ्या आई-बापांनी हा फरक त्याच दिवशी, परतीच्या गाडीतच पोरांना सांगितला पाहिजे.

आणि मोठ्यांनाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यात चार मुले होती. ती माणसे पोहायला उतरली नव्हती. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभी होती, आणि पाणी वाढत गेले. पुढच्याच वर्षी १५ जून २०२५ रोजी याच इंद्रायणीवर कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीने कोसळला, चौघे गेले. अशा लोंढ्यापुढे पट्टीच्या पोहणाऱ्याचेही काही चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली.

कोणी बुडताना दिसला तर पोहता न येणाऱ्याने मागे उडी टाकू नये. एकाला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा, अशाने घरे बसली आहेत. काठावर आडवे पडून बांबू, दोर, साडी, ओढणी पुढे करावी. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन झाकण लावून फेकला तर तो धरून माणूस तरंगतो. बाहेर काढल्यावर पाय वर करून लोंबकळवणे, पोट दाबून पाणी काढणे हे आपल्याकडचे जुने उपाय करू नयेत, त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास चालत नसेल तर उताणे निजवून तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबावी, आणि कोणीतरी तोवर १०८ ला फोन करावा.

सगळ्यात उत्तम म्हणजे शिकणे. त्याला वय नसते, आणि धडधाकट शरीरच पाहिजे असेही नाही. सांगलीकडच्या पेठचे मुरलीकांत पेटकर फौजेत होते. १९६५ च्या लढाईत गोळ्या लागून कमरेखालचे अंग गेले. उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरवले. त्याच पेटकरांनी १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले, भारताचे त्या स्पर्धांतले पहिले. पुढे त्यांनी आपल्याच पट्ट्यात टेल्कोत नोकरी केली. किती कामगारांनी त्यांच्याबरोबर एका कँटीनमध्ये चहा घेतला असेल, कोणाला ठाऊक!

पिंपरी-चिंचवड महापालिकेचे जलतरण तलाव नेहरूनगर, भोसरी, कासारवाडी, थेरगाव अशा ठिकाणी बांधलेले आहेत. दुरुस्तीसाठी मधूनमधून बंद असतात, म्हणून कोणता सुरू आहे ते विचारून जावे. त्याच फोनवर बायांसाठी वेगळी वेळ कोणती, शिकवणारी बाई आहे का, हेही विचारावे. आठ-दहा जणींनी मिळून विचारले तर उत्तर लवकर मिळते. पहिले दोन-तीन दिवस पाण्यात तोंड घालून बुडबुडे सोडायलाच शिकवतात, मग कठडा धरून पाय मारायला. कोणी खोल पाण्यात ढकलत नाही. पोशाख आणि डोक्याची रबरी टोपी मात्र आपली आपण न्यावी. टोपीवाचून आत सोडत नाहीत.