एक सामना जास्तीचा

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळण्याचा खेळ. तेथील साउथईस्टर्न कॉन्फरन्सने १९९२ साली आपल्या बारा विद्यापीठांचे दोन गट पाडले आणि गटविजेत्यांत अंतिम सामना ठेवला. पुष्कळांनी नाके मुरडली. वर्षभर अजिंक्य राहिलेल्या अलाबामाने पुन्हा परीक्षा का द्यावी?

५ डिसेंबरला बर्मिंगहॅम येथे ती परीक्षा झाली. अलाबामाची २१–७ ही आघाडी फ्लॉरिडाने पुसून टाकली. २१–२१! शेवटची तीन-सव्वातीन मिनिटे उरली असता शेन मॅथ्यूजची फेक अँटोनियो लँगमने मध्येच पकडली आणि २७ यार्ड धावून विजयी गुण मिळवले.

याला कोणी दैव म्हणेल. मला तसे वाटत नाही. फेक ओळखून झेपावणे ही तालमीची कमाई होय. पुढे १ जानेवारी १९९३ रोजी मायामीला ३४–१३ असे नमवून हाच संघ राष्ट्रीय विजेता ठरला. जास्तीच्या परीक्षेने त्याचे काही बिघडले नाही. त्याचे यश अधिक खणखणीत ठरले.

मात्र त्या एका फेकीवरून मॅथ्यूजला जोखणे अन्यायाचे होईल. परीक्षा जरूर असावी. पण एका चुकलेल्या उत्तरावर माणसाची किंमत ठरू नये.