मधुमेह आणि हाडांचा भरवसा

मधुमेह म्हटला की डोळे, मूत्रपिंड व पाय यांची काळजी वाहिली जाते. हाडांची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातील मधुमेह्यांची संख्या १० कोटींवर असल्याचा अंदाज वर्तविला. प्रौढपणी जडणाऱ्या मधुमेहात हाडांची घनता बहुधा पुरेशी, किंबहुना अधिकच भरते. तरीही खुब्याचे हाड मोडण्याचा धोका या रुग्णांना इतरांहून जास्त असतो. कारण घनता म्हणजे केवळ खनिजाचे मोजमाप. हाडाला चिवटपणा देणाऱ्या कोलॅजनच्या धाग्यांना रक्तातील जादा साखर वर्षानुवर्षे चिकटत राहते, ते ताठर होतात. जुने हाड काढून नवे घालण्याचे शरीराचे कामही मंदावते. सिमेंट भरपूर, पण सळई गंजलेली, असा हा प्रकार! त्यात बधिर पाय, अधू दृष्टी आणि साखर एकाएकी उतरल्याने येणारी भोवळ. पायोग्लिटाझोन हे औषध स्त्रियांमध्ये अस्थिभंगाचा धोका वाढविते, हे २००७ पासून ज्ञात आहे; ते लिहून देताना हाडांचा विषय कितीदा निघतो? घनतेचा अहवाल चांगला आला म्हणून अशा रुग्णाला निर्धास्त करणे ही दिशाभूल होय. पूर्वी हाड मोडले होते काय, चालताना तोल जातो काय, हे त्याला प्रत्येक भेटीत विचारावयास हवे.